मदत हवी आहे: जिताडा माशासाठी लीडर (आमिषाजवळची बारीक दोरी) किती जाड लावायचा?

मंडळी, रविवारी मित्रासोबत बेलापूरच्या खाडीवर फ्लाय रॉड (फ्लाय म्हणजे हलकं नकली आमिष, ते फेकायची काठी) घेऊन गेलेलो, ओहोटी लागली आणि तिवरांच्या मुळांतून पाणी बाहेर ओढायला लागलं तसं त्याने पांढरी फ्लाय अगदी कडेला टाकली आणि धाडकन जिताडा!! काय उडी मारली राव, अख्खा पाण्याबाहेर, डोकं झटकलं आणि लीडर खल्लास. टोक बघितलं तर ब्लेडने कापल्यासारखं, कल्ल्यांची कड धारदारच असते याची.

रॉड ८ वेटचा (वेट म्हणजे रॉडच्या ताकदीचा नंबर), लीडर २० पौंडी (तेवढा ताण झेलणारा). पुढे शॉक टिपेट (कापलं जाऊ नये म्हणून टोकाला लावायचा जाड तुकडा) ४० पौंडी जोडू का ६०? जाड घेतली तर फ्लाय नीट पडते का? गाठ कुठली टिकते? वाशी-ठाण्यात मिळेल का हे सामान, ऑनलाइन लय महाग पडतं.

आणि प्लीज, 'जिवंत कोळंबी लाव' नका सांगू, ते दिवाळे गावचे काका तिथेच हसत हसत सांगून गेलेत.