प्रतिसाद: काइटबोर्डिंगची सुरुवात

काइटबोर्डिंग म्हणजे काइटच्या, म्हणजे मोठ्या पतंगाच्या, ओढीने फळीवर उभे राहून पाण्यावरून सरकण्याचा खेळ. जुना काइट स्वस्तात घेऊन व्हिडिओ पाहत तो शिकावा, असा सल्ला कुणी दिला, तर तो मला धोक्याचा वाटतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि 20 ते 24 मीटर लांब दोऱ्यांवरचा काइट अशा झोतात माणसाला किनाऱ्यावरच उचलून आपटू शकतो. म्हणून प्रशिक्षकाकडून आधी क्विक रिलीज, म्हणजे काइटची ओढ झटकन सोडवणारी यंत्रणा, वापरायला शिकावे. कमरेच्या हुकापाशी असलेली ती यंत्रणा न पाहता, एका हाताने सोडता आलीच पाहिजे. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्यात नवख्याने उतरूच नये.

खर्चात शिकवणीखेरीज हार्नेस (काइटची ओढ अंगावर घेणारा हुकाचा पट्टा), हेल्मेट, पंप आणि पुढेमागे लागणारा दुसऱ्या आकाराचा काइटही धरावा. वापरलेला काइट घेताना तो फुगवून काही तास ठेवावा. हवा भरलेली पुढची कड मऊ पडली, तर हवा गळते आहे असे समजावे.