हूइजमधला पत्ता विक्रीच्या ईमेलसाठी वापरणाऱ्यांना काय उत्तर द्यावे?

प्रश्न

नमस्कार मंडळी. पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन जिल्ह्यांत सेवा देणाऱ्या एका छोट्या इंटरनेट कंपनीचे नेटवर्क मी सांभाळतो. आमचा स्वतःचा एएस क्रमांक (इंटरनेटवर आमच्या नेटवर्कची ओळख) आहे आणि आयपीव्ही४ प्रकारच्या इंटरनेट पत्त्यांचा एक स्लॅश २२ गट आहे, म्हणजे सगळे मिळून १०२४ पत्ते. नोंदणी आयरिन या भारतातल्या पत्ता-नोंदणी संस्थेमार्फत झालेली असल्यामुळे माझा कार्यालयीन ईमेल हूइजमध्ये, म्हणजे पत्ते कोणाकडे आहेत हे सांगणाऱ्या सार्वजनिक नोंदवहीत, कोणालाही दिसतो आणि पीअरिंगडीबी या नेटवर्कांच्या माहितीच्या संकेतस्थळावरही तोच दिलेला आहे.

एका अपस्ट्रीमच्या (आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या मोठ्या कंपनीच्या) मार्गावर रोज रात्री नऊनंतर आमची पॅकेट (माहितीचे तुकडे) गळत होती, म्हणून गेल्या महिन्यात अभियंत्यांच्या मेलिंग लिस्टवर मी ट्रेसराउटसह (पॅकेटच्या वाटेच्या नोंदीसह) प्रश्न विचारला. दोन उत्तरे आली आणि दोन्ही कामाची होती. तिसऱ्या दिवशी मात्र एका विक्रेत्याचा ईमेल थेट माझ्या पत्त्यावर आला: आपला संदेश वाचला, आपल्या अडचणीवर आमच्याकडे उपाय आहे, पंधरा मिनिटांचा वेळ द्यावा. उपाय म्हणजे काय, तर आयपीव्ही४ पत्ते भाड्याने देण्याची योजना. गळणाऱ्या पॅकेटशी तिचा काडीचाही संबंध नव्हता, म्हणजे माझा संदेश कोणी वाचलेलाच नव्हता. मी उत्तर दिले नाही, तेव्हा आणखी तीन स्मरणपत्रे आली आणि शेवटच्या पत्राची प्रत आमच्या संचालकांनाही गेली. आता संचालक मला विचारतात की महत्त्वाच्या पत्रांना मी उत्तर का देत नाही.

अशा वेळी गप्प बसावे, खडसावून उत्तर द्यावे, त्यांचे पूर्ण डोमेन अडवावे, की लिस्टवर सर्वांसमोर नाव घ्यावे? संचालकांचे म्हणणे असे की उद्या याच लोकांकडून काही घ्यावे लागले तर संबंध बिघडलेले नसावेत. हूइजमधून माझा पत्ता काढून तिथे कोणी न वाचणारा एखादा पत्ता टाकावा, असेही मनात येते. ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (नागपूर, एका सेवादात्याच्या नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्क नियंत्रण कक्षात, सतरा वर्षे)

आपला संताप मला पूर्णपणे समजतो, पण शेवटचा विचार मनातून काढून टाका अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कारण सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका रात्री दीडच्या सुमारास आमचे एक स्लॅश २४ (२५६ पत्त्यांचा गट) दुसऱ्याच एका नेटवर्कवरून जाहीर होऊ लागले, म्हणजे आमची रहदारी तिकडे वळू लागली. त्यांच्याकडे कोणीतरी राउटरमध्ये प्रीफिक्स (पत्त्यांच्या गटाचा क्रमांक) टाकताना एक आकडा चुकवला होता, त्यामागे काही वाईट हेतू नव्हता. स्लॅश २४पेक्षा लहान तुकडा जगात बहुतेक कोणी स्वीकारत नाही, त्यामुळे आणखी बारीक प्रीफिक्स जाहीर करून रहदारी परत ओढून घेण्याचा मार्ग आम्हाला नव्हता. आमचे आरओए (हे पत्ते कोणत्या नेटवर्कने जाहीर करावेत याचा सहीचा दाखला) तेव्हा तयार नव्हते, ही चूक आमची होती आणि ती मी मान्य करतो. आता ज्यांनी ती घोषणा केली त्यांनीच ती मागे घेणे एवढेच उरले होते. हूइजमधून त्यांचा तांत्रिक पत्ता काढून मी तीन ईमेल पाठवले, पण उत्तर आले नाही. शेवटी त्यांच्या अपस्ट्रीमकडून एक मोबाइल क्रमांक मिळाला आणि पहाटे पाचला त्या गृहस्थांनी दोन मिनिटांत चूक दुरुस्त केली. त्या स्लॅश २४वर एका जिल्हा रुग्णालयाची जोडणी होती.

ईमेल का पाहिला नाही, असे दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले की त्या पत्त्यावर विक्रीची पत्रे इतकी येतात की बाहेरून येणारे सगळे टपाल एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल असा नियम त्यांनी लावून ठेवला होता आणि तो फोल्डर ते आठवड्यातून एकदा उघडत असत. माझी तिन्ही पत्रे त्या ढिगात पडली होती.

म्हणून या विषयाकडे मी निव्वळ त्रास म्हणून पाहू शकत नाही. अनोळखी माणसाने मध्यरात्री आपल्याला गाठावे यासाठी आपण तो पत्ता जगासमोर ठेवलेला असतो. नॉक, अब्यूज (गैरवापराच्या तक्रारी) अशी कामानुसार नावे असलेल्या पेट्या ठेवाव्यात हे १९९७च्या आरएफसी २१४२ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात याच हेतूने लिहिलेले आहे. एपनिक या आशिया-प्रशांत भागाच्या पत्ता-नोंदणी संस्थेच्या क्षेत्रात २०१०पासून आयआरटीची (सुरक्षेच्या तक्रारींना उत्तर देणाऱ्या गटाची) नोंद बंधनकारक आहे आणि २०१९पासून तिथला ईमेल जिवंत आहे की नाही याची दर सहा महिन्यांनी तपासणी होते, कारण मेलेले पत्ते फार झाले होते. जो विक्रेता या पत्त्यांवर जाहिरात पाठवतो तो आपली पाच मिनिटे तर घेतोच, पण त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ती पेटी बंद करण्याचे कारण तो आपल्या हातात देतो.

व्यवहारात असे करा. हूइजमध्ये स्वतःच्या नावाचा ईमेल ठेवू नका, नॉकच्या नावाची पेटी ठेवा आणि ती किमान तीन जणांना उघडता आली पाहिजे. हूइज, पीअरिंगडीबी आणि मेलिंग लिस्ट यांना अधिक चिन्हानंतर वेगवेगळी खूण जोडलेले पत्ते द्या, म्हणजे पत्ता कुठून उचलला हे पत्र येताक्षणी कळते. मात्र अब्यूजच्या पेटीवर आपोआप गाळणी बसवू नका, कारण स्पॅमची तक्रार करणारा माणूस त्या स्पॅमचा मजकूर सोबत जोडतो आणि गाळणी नेमकी ती तक्रारच गिळते.

उत्तर २ (मुंबई, दूरसंचार कायद्याचे काम)

कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण पुष्कळांची अपेक्षा तिथे चुकते. विक्रीच्या नको असलेल्या ईमेलसाठी भारतात वेगळा कायदा नाही. ट्रायचे २०१८चे नियम फोन आणि एसएमएसपुरते आहेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अ मध्ये उपद्रव देणाऱ्या ईमेलचा उल्लेख होता, पण सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलमच रद्द केले, आणि ते रद्द होणे योग्यच होते. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीला महत्त्व आहे, परंतु व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेली किंवा कायद्यानुसार सार्वजनिक करावी लागलेली माहिती त्याच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहे. आपल्या लिस्टवरच्या संदेशातला पत्ता त्यात मोडतो असा युक्तिवाद समोरचा पक्ष करू शकेल.

विक्रेता अमेरिकेतला असल्यास तिथला २००३चा कायदा आधी परवानगी मागत नाही. नको म्हटल्यावर दहा कामकाजी दिवसांत थांबा, एवढेच तो सांगतो. कॅनडात मात्र १ जुलै २०१४पासून आधी संमती लागते.

आपली खरी पकड नोंदणी संस्थेच्या अटींवर आहे. एपनिकच्या हूइजमधील माहिती जाहिरात, थेट विक्री किंवा बाजारसंशोधनासाठी वापरण्यास तिच्या अटींनुसार मनाई आहे. पीअरिंगडीबीचेही असेच धोरण आहे. खुणेचा पत्ता, पूर्ण हेडर (पत्र कुठून कसे आले याची नोंद) आणि पत्राची प्रत जोडून नोंदणी संस्थेला कळवा आणि ज्या टपालसेवेतून पत्र सुटले तिच्या अब्यूज विभागालाही कळवा. ग्राहकाच्या चुकीमुळे आपले आयपी काळ्या यादीत जाणे अशा सेवांना परवडत नाही, त्यामुळे तिथे हालचाल लवकर होते.

उत्तर ३ (ठाणे, पूर्वी नेटवर्क उपकरणांच्या विक्रीत)

मी या व्यवसायात सहा वर्षे होते, त्यामुळे पलीकडे काय चालते ते सांगते. विक्री करणाऱ्या मुलाला सोमवारी एक एक्सेल शीट मिळते. त्यात नाव, पद, ईमेल आणि एक "संदर्भ" असा रकाना असतो. आपण लिस्टवर लिहिलेल्या संदेशाचा विषय त्या रकान्यात आलेला असतो आणि पत्राच्या पहिल्या ओळीत तो आपोआप बसतो. यादी कुठून आली हे त्या मुलाला माहीत नसते. आठवड्याला किती जणांशी बोलणे झाले एवढेच त्याला विचारले जाते. स्मरणपत्रेही यंत्रच पाठवते आणि चौथ्या पत्राला वरिष्ठांची प्रत जोडणे हा तर ठरलेला डाव आहे.

म्हणून त्या मुलाला खडसावून काही साधत नाही. पत्र त्याच्या व्यवस्थापकाला पाठवा आणि त्यात अटींचा उल्लेख करा. पुढे खरेदी करताना अडेल ही संचालकांची भीतीही निराधार आहे. ठाम शब्दांत नकार देणाऱ्याला कोणी काळ्या यादीत टाकत नाही, त्याच्या नावापुढे फक्त शेरा लिहिला जातो.

विक्रेत्यांनी अभियंत्यांकडे येऊच नये असे मात्र मला वाटत नाही. सॅनॉग किंवा एप्रिकॉटसारख्या परिषदांत प्रायोजक म्हणून या, टेबल मांडा, आपण कोणत्या कंपनीचे आहोत हे उघड सांगून लिस्टवरच्या तांत्रिक प्रश्नाला तांत्रिक उत्तर द्या. माझे सर्वांत चांगले ग्राहक मला असेच मिळाले.

उत्तर ४ (बंगळूर, मराठी, बॅकबोन अभियंता)

लिस्टवर नाव घेण्याबद्दल माझे मत वेगळे आहे. हा प्रकार आजचा नाही. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे आमंत्रण आर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना पाठवले, आणि त्यांचे पत्ते छापील निर्देशिकेतूनच घेतलेले होते. तेव्हाही लोकांनी उघड निषेध केला आणि नेटवर्क चालवणाऱ्या लष्करी संस्थेने हा नियमभंग असल्याचे कळवले. पुढे कित्येक वर्षे त्या जाळ्यावर तसे करण्याची फारशी कोणाची हिंमत झाली नाही. सर्वांसमोर विचारलेल्या जाबाचा उपयोग होतो.

आपल्या बाबतीत तो दबाव आणखी गरजेचा आहे, कारण एपनिकचा आयपीव्ही४ पत्त्यांचा मुक्त साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या गटावर (स्लॅश ८वर) आल्यापासून पत्त्यांची खरेदी-विक्री हाच मोठा धंदा झाला आहे आणि हूइज म्हणजे त्या दलालांना मालकांची तयार यादी वाटते. फक्त नाव घेण्यापूर्वी एकदा खाजगीत कळवा आणि उत्तरासाठी एक आठवडा द्या. त्यानंतरही पत्र आले तर तारखा आणि हेडर लिहा, विशेषणे लावू नका. नाहीतर निषेधाचीच पन्नास पत्रे लिस्टवर जमतात आणि मूळ जाहिरातीपेक्षा जास्त लोकांचा वेळ जातो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. नागपूरच्या साहेबांची रुग्णालयाची हकीकत मी संचालकांना वाचून दाखवली आणि त्यानंतर संबंध बिघडण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. विक्रेत्याच्या व्यवस्थापकाला चार ओळी लिहिल्या: हा पत्ता नेटवर्कच्या बिघाडासाठी आहे, तो जाहिरातीसाठी वापरण्यास नोंदणी संस्थेच्या अटींनुसार मनाई आहे, आमच्याशी संबंधित सर्व पत्ते यादीतून काढावेत आणि तसे लेखी कळवावे. काल उत्तर आले की पत्ते काढले आहेत. यादी कोणाकडून घेतली हे मात्र त्यांनी सांगितलेले नाही, म्हणून ती विचारणा पुन्हा केली आहे.

हूइजमध्ये आता नॉकची पेटी दिली आहे आणि ती माझ्यासह चौघांच्या फोनवर उघडते. आमच्या स्लॅश २२चेही आरओए नव्हते. ते आज दुपारी तयार केले.