अनुभव धागा: कुबड्या, उपकारस्तुती आणि 'विश्वास कमी पडतोय'

शरणपूर_रोडची
रविवारी उपासना सुटली, मी पायरीवर बसून पोलिओच्या पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा आवळत होते. एक अनोळखी बाई आल्या, न विचारता गुडघ्यावर हात ठेवला आणि डोळे मिटून सुरू. आमेन झाल्यावर म्हणाल्या, "ऊठ बघू आता." उठले. कुबडी घेऊन. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं.

मग 1988 आठवलं. मी 11 वर्षांची. एका सभेत उपदेशकांनी कुबड्या बाजूला ठेवायला लावल्या. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला तोंडावर. "विश्वास कमी पडला," ते आईला म्हणाले. रिक्षात आई गप्प. रात्री पिठलं घोटता घोटता एकदम म्हणाली, "बायबलातला मफीबोशेथ दोन्ही पायांनी लंगडा होता. दाविद राजाने त्याला मेजावर बसवलं. आधी पाय नीट करून ये म्हणाला का?" आमच्याकडे अजून त्याला मफीबोशेथचं पिठलं म्हणतात.

तुमचेही लिहा. तेलं आणि वैद्य सुचवू नका, हात जोडते.

जेलरोडकर
मफीबोशेथचं पिठलं!! हाहाहा. लसूण किती घालायचा ते पण सांगा.

एकहाती
प्रेसमध्ये डावा पंजा गेला, 2009. भेटायला येणारा प्रत्येक जण 'देवाची योजना' म्हणून गेला. मला त्या योजनेचा अजून राग येतो आणि प्रार्थनेत तसं सांगतोही. बायबलच्या स्तोत्रसंहितेत गाऱ्हाणी काय कमी आहेत? पाळकसाहेबांना हे बोललो तर ते हसले, म्हणाले चालू ठेव. त्या माणसाचे मात्र उपकार आहेत. बायको रोज शर्टाची बटणं लावते, घाईत एक हमखास चुकवते. दिवसभर तसाच हिंडतो.

गोदाकाठ
आम्ही ख्रिस्ती नाही. पण आजी दर फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला जायची, मामाच्या पायासाठी. मामा काही चालला नाही. आजी जातच राहिली. विचारलं तर म्हणायची, "काम झालं नाही म्हणून भेटायला जायचं सोडायचं का?" बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

पेटीवाला
बोलून टाइप करतोय, चुका पोटात घाला. मला जन्मापासून दिसत नाही. बायबलात योहान 9 मध्ये जन्मांध माणसाला बघून येशूचे शिष्य विचारतात ना, पाप कोणाचं, याचं की आईबापाचं? आमच्या सोसायटीत तो प्रश्न अजून मिटलेला नाही. उपासनेत पेटी वाजवतो. नारायण वामन टिळकांची भजनं पाठ आहेत. लाइट गेली की सगळी मंडळी अडखळते, मी सोडून. तेवढ्या दोन मिनिटांचा आनंद मी लपवत नाही, प्रभू क्षमा करो.

जेलरोडकर
पेटीवाले, लाइट तुम्हीच घालवता असा संशय आहे.

सिडकोची_सून
तुमच्या चर्चला रॅम्प आहे का? सासऱ्यांची व्हीलचेअर आहे, म्हणून विचारते.

शरणपूर_रोडची
आहे हो, पण फार उभा. 1 फूट उंचीला 12 फूट लांबी लागते, आमच्याकडे जागाच तेवढी नाही. व्हीलचेअरवाले काका म्हणतात, ढकलणारा दमला तर थेट प्रभूकडेच. दोन तरुण पोरं दर रविवारी उभी असतात, सासऱ्यांना घेऊन या.

आणि एक राहिलंच. 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या आठवड्यात आईने चर्चमध्ये उपकारस्तुतीचं, म्हणजे देवाचे आभार मानायच्या दानाचं, पाकीट टाकलं, वर माझं नाव. मी भडकले. मला तर होऊन बसलाय! ती म्हणाली, "तुझ्या पोरांना नाही ना होणार." मी तीन दिवस बोलले नाही तिच्याशी. आता ती नाही. पाकीट मीच टाकते, मार्चमध्ये.

एकहाती
ताई.

गोदाकाठ
वाचून डोळे भरले. भात पण लागला.

अंबडचा_पाहुणा
विषय सोडून विचारतो, कुबडीचं खालचं रबर कुठे मिळतं? सगळीकडे खोदून ठेवलंय, महिन्यात झिजतं. परवा शालिमारला घसरलो.

शरणपूर_रोडची
मेनरोडला बघा. माझ्याकडे एक जोड जास्तीचा आहे. पाइप मोजून सांगा.

अंबडचा_पाहुणा
पट्टी नातवाच्या दप्तरात आहे. तो शाळेतून आला की मोजतो.

जेलरोडकर
लसणाचं कोणीच सांगितलं नाही.