सहावीतल्या मुलीसाठी दगड-खनिजांचा पहिला संच कोणता घ्यावा? (नागपूर, बजेट १२०० रुपये)

धरमपेठची_आई
नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत रामटेकहून परत येताना मनसरजवळ चहाला थांबलो होतो. तिथे रस्त्याच्या कडेला तिला एक काळा दगड सापडला. आकाराने लिंबापेक्षा थोडा मोठा, पण उचलला की हात खाली जातो. तेव्हापासून घरातल्या चपलांच्या मांडणीचा खालचा कप्पा दगडांचा झाला आहे. पुस्तकात अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित एवढं आहे. तिचे प्रश्न त्याच्या पुढचे असतात आणि मला उत्तरं येत नाहीत.

पंधरा दिवसांनी वाढदिवस आहे. ऑनलाइन ४० नमुन्यांचा खोका दिसतो आहे. घ्यावा का? बजेट १२०० रुपये, त्यावर खरंच शक्य नाही, नुकतीच सायकल घेतली. आणि तो काळा दगड काय असेल? लोखंडासारखा जड आहे, पण चुंबक चिकटत नाही.

संत्रानगरी७
ताई, मुलांच्या शिक्षणात हात आखडता घेऊ नका. मी माझ्या मुलाला साडेसहा हजारांचा मायक्रोस्कोप घेतला, मोबाइलला जोडता येतो. अभ्रकाचा पापुद्रा त्याखाली असा काही दिसतो की मोठी माणसंही रांग लावतात. घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्या.

पुण्याचा_पाऊस
महाराष्ट्रात राहून ४० नमुन्यांचा परदेशी खोका कशाला? आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या, पोकळ्यांत निघणारी झिओलाइट्स नावाची स्फटिकं जगभरातल्या संग्रहालयांत मांडलेली असतात. स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, स्कोलेसाइट आणि त्यांच्या सोबत अपोफिलाइट. वाघोलीचं निळं कॅव्हनसाइट तर अगदी मोजक्या ठिकाणी मिळतं. मी हिरव्या अपोफिलाइटचा एक गुच्छ तीन हजारांना घेतला, दिवाणखान्यात ठेवला आहे. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय मुलीला एकदा दाखवाच.

कामठीकर
ताई, खोका घेऊच नका बाप्पा. मी घेऊन बसलो आहे म्हणून सांगून राहिलो. पुतण्यासाठी मागवला होता, १४०० गेले. नमुने म्हणजे बोराएवढे तुकडे, कापसावर गोंदाने चिकटवलेले. गोंद सुटला की कोणता तुकडा कोणत्या चिठ्ठीचा ते कळत नाही. त्यात अकीक म्हणून गडद गुलाबी तुकडा होता. वहिनीने नेलपॉलिश काढायच्या पाण्यात कापूस बुडवून घासला, कापूस गुलाबी. सूर्यमणी म्हणून जो चमचमता तपकिरी तुकडा आला, ती चक्क काच होती, आत तांब्याचे कण. पिवळा सिट्रीन म्हणतात तोही पुष्कळदा भट्टीत तापवलेला जांभळा ॲमेथिस्ट असतो. विकणाऱ्याला तीन वेळा लिहिलं, उत्तर नाही. पोराचा हिरमोड झाला तो वेगळाच.

खाणीत_३२_वर्षे
मनसर म्हटल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही. ताई, तुमच्या मुलीच्या हातात बहुतेक मँगनीजचं खनिज आहे. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव हा सगळा मँगनीजचा पट्टा, पुढे भंडारा आणि बालाघाटपर्यंत जातो. ट्रकमधून तुकडे रस्त्यावर पडतातच.

घरी पाहायचं असेल तर बाथरूमच्या पांढऱ्या टाइलचा तुकडा घ्या. गुळगुळीत बाजू नको, मागची खरखरीत हवी. काही टाइल मागून लाल असतात, त्या चालत नाहीत. तिच्यावर दगडाने रेघ ओढा. काळी किंवा काळपट तपकिरी आली तर मँगनीज. विटकरी लाल आली तर हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं खनिज, मग दगड बाहेरून कितीही काळा दिसो. पायरोलुसाइट हे मँगनीजचं मऊ खनिज असेल तर बोटंही काळी होतील.

खोका नको. एक दहा पटीचं भिंग घ्या. दुकानात मोठी हातभिंगं दाखवतात, ती नकोत, घडीचं छोटं मागा. ते डोळ्याला टेकवायचं आणि दगड जवळ आणायचा, उलट नाही. आणि खाणीच्या हद्दीत मुलीला घेऊन पाऊल ठेवू नका, बाहेरून दिसणारा ढीगही कोणाच्या तरी मालकीचा असतो. दगड फोडून त्याची पूड श्वासात जाऊ देऊ नका, मँगनीजची धूळ वाईट. हाताळल्यावर हात धुवायचे.

बुटीबोरीवाला
जड आणि काळा म्हणजे उल्का. लोणार काही फार लांब नाही.

खाणीत_३२_वर्षे
दादा, लोणार बुलढाण्यात, मनसर इथे. शिवाय बहुतेक उल्कांमध्ये लोखंड-निकेल असतं, त्यांना चुंबक चिकटतं. ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं आहे की चिकटत नाही.

बुटीबोरीवाला
बरोबर, चुंबकाचं माझ्या वाचनातून सुटलं. पण मग भट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, का नसेल? आमच्या भागात भराव म्हणून टाकतात, तीही काळी असते.

खाणीत_३२_वर्षे
ही शंका रास्त आहे. मळीत बहुधा फुगे गोठलेले दिसतात, तुटलेली कड काचेसारखी असते. ताई, तुमच्या दगडात बारीक भोकं आहेत का पाहा.

संत्रानगरी७
म्हणूनच मायक्रोस्कोप म्हणालो.

रानवाटा
इथे सगळे काय विकत घ्यायचं तेच बोलत आहेत. नागपुरात राहणाऱ्या मुलीला विकत घ्यायची गरज काय? आपलं शहर दख्खनच्या लाव्हाच्या पूर्व काठावर बसलं आहे. सीताबर्डीची टेकडी, पश्चिमेकडची वस्ती हा सगळा काळा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पूर्वेकडे निघालात की लाव्हा संपतो आणि त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. कामठीच्या वालुकाश्माला तर गावाचंच नाव आहे. उमरेड, सिल्लेवाड्याकडे कोळसा. एका दिवसाच्या फेरीत पुस्तकातले तिन्ही प्रकार पायाखाली येतात. ही सोय सगळ्या शहरांना नाही.

आणि एक गोष्ट मुलीला नक्की सांगा. लाव्हाचे थर एका दमात साचले नाहीत. दोन थरांच्या मधल्या काळात तळी झाली, त्यांत शंख-शिंपले राहिले, काठाला झाडं वाढली, मग पुढच्या लाव्हाने सगळं झाकलं. ते जीवाश्म आपल्या नागपुरातल्या टाकळीला सापडले. स्टीफन हिस्लॉप नावाच्या मिशनऱ्याने हंटर नावाच्या सहकाऱ्यासोबत १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूविज्ञानावर लेख छापला, त्यात हे आहे. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. आज टाकळीवर घरं उभी आहेत. त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी वाईट वाटतं की तिथे एक साधी पाटीही माझ्या नजरेस पडत नाही.

पेंचच्या जंगलातून मात्र काही उचलू नका, तिथला दगडही तिथलाच. मनसरचं उत्खनन झालेलं ठिकाण, लोणार, तिथेही तोच नियम पाळा. अजबबंगला दाखवा, १८६३ पासूनचं संग्रहालय आहे. सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथलं संग्रहालयही पाहण्यासारखं, आधी फोन करून जा.

स्फटिकप्रेमी_नागपूर
अभ्यासाच्या टेबलावर ॲमेथिस्ट ठेवा, एकाग्रता वाढते. माझ्या मुलीला फरक पडला.

कामठीकर
ॲमेथिस्ट म्हणजे जांभळी गारगोटी. लोखंडाच्या अंशामुळे रंग येतो. सुंदर असते, ठेवा. पण एकाग्रतेच्या नावाखाली दुप्पट भाव लावून राहिले दुकानदार, याची चीड येते.

इतवारीचा_मित्र
वजनाचा विषय निघाला म्हणून सांगतो. माझ्या मित्राचं इतवारीत सराफी दुकान आहे. लहानपणापासून मी माझे सगळे दगड त्याच्या काट्यावर मोजून आणतो, वही भरली आहे. नुसतं वजन नाही. पाण्याचा पेला काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणायचा. दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवायचा, पण तळाला टेकू द्यायचा नाही. काटा जेवढे ग्रॅम दाखवेल तेवढे मिलिलिटर त्या दगडाचं आकारमान. कोरडं वजन भागिले ते, झाली घनता. गारगोटी २.६५, बेसाल्ट २.९ च्या आसपास, मँगनीजचं चांगलं खनिज चारच्या वर. त्यासाठी काटा विकत घ्यायची गरज नाही, ओळखीच्या सराफाकडे जा, दोन मिनिटांचं काम.

धरमपेठची_आई
सगळ्यांचे आभार. बजेट १२०० आहे हे पुन्हा लिहिते. खाणीतल्या काकांनी सांगितल्याप्रमाणे रेघ ओढली, काळपट तपकिरी आली. भोकं नाहीत. लेक दिवसभर "मँगनीज" म्हणत फिरते आहे. एक विचारायचं होतं, दगडावर आम्ल टाकून बघतात म्हणे, ते घरी करावं का?

शाळेतला_मास्तर
घरी ते आम्ल आणू नका. मी वर्गात दाखवायच्या नादात संडास साफ करायचं ॲसिड वापरलं होतं. बाटली कलंडली, वऱ्हांड्याच्या संगमरवरावर हाताएवढा खरबरीत डाग पडला तो आजही आहे, आणि पहिल्या बाकावरची मुलं खोकत बाहेर पळाली. सुदैवाने कोणाला भाजलं नाही. दगड म्हणून पाहिलं तर धडा बरोबरच होता, संगमरवर म्हणजे कॅल्साइट, तो फसफसणारच. पण तसा धडा मी पुन्हा देणार नाही. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर पुरे. दगड थोडा खरवडून पूड करा, तिच्यावर दोन थेंब टाका, भिंगातून बुडबुडे दिसतात. डोलोमाइट नावाच्या त्याच्यासारख्याच खनिजावर जवळजवळ काहीच होत नाही, धीर धरावा लागतो.

माझा सल्लाही भिंगाचाच. मी तीनशेला घेतलं होतं.

पुण्याचा_पाऊस
भिंगातून पाहायलाही काहीतरी देखणं हवं ना. एक झिओलाइट घ्याच.

धरमपेठची_आई
वाढदिवस झाला, म्हणून कळवते. खाणीतल्या काकांनी आणि मास्तरांनी भिंग सांगितलं आणि इतवारीच्या दादांनी काटा घेऊ नका म्हटलं. मी काटाच घेतला, स्वयंपाकघरातला डिजिटल, ४५० रुपयांचा. तिला दगड आवडायला लागले ते त्या एका दगडाच्या वजनामुळे, म्हणून वाटलं की तिथूनच सुरुवात करावी. आणि सराफाच्या दुकानात तिला दोन मिनिटं पुरणार नाहीत. भिंग पुढच्या वर्षी. तोवर आजोबांचं पेपर वाचायचं भिंग आहे.

स्टीलचा पेला, शिवणाचा दोरा. पहिला अर्थातच तो काळा. कोरडा १८६ ग्रॅम. पाण्यात लोंबकळत धरला तेव्हा तिचा हात थरथरत होता आणि आकडा ४१ ते ४५ मध्ये नाचत होता. मग तिने कोपर टेबलाला टेकवलं, श्वास धरला, ४३ वर थांबला. भागाकार तिनेच केला, ४.३. उठून स्वयंपाकघरात आली आणि मला हिशेब दोनदा करायला लावला.

मग गिट्टीचा काळा तुकडा, १४५ भागिले ५०, २.९. कामठीकडून आणलेल्या वालुकाश्मातून बारीक बुडबुडे निघत राहिले आणि आकडा स्थिर होईना. दगडात हवा असते हे तिने स्वतः पाहिलं. शेवटी तीन पांढरे दगड, ज्यांना आम्ही तिघांनाही गारगोटी म्हणत होतो. दोन २.६ आले, एक २.७. आता ती म्हणते तिसरा वेगळा आहे. मी म्हणते चूक मोजण्याची असेल. कोणाचं बरोबर?

इतवारीचा_मित्र
सराफाचा काटा दशांशात दाखवतो. तिकडे आणा, लगेच कळेल.

खाणीत_३२_वर्षे
ताई, एवढ्याशा फरकावरून घरच्या काट्याने निकाल देता येत नाही. त्यापुरतं तुमचं बरोबर. पण तिची शंका सोडू नका. रद्दीतली जाड काच घ्या, टेबलावर सपाट ठेवा, हातात धरू नका. तिन्ही दगडांच्या टोकांनी ओरखडा काढा. मोस नावाच्या खनिजतज्ज्ञाने १८१२ मध्ये जो काठिण्याचा क्रम लावला त्यात गारगोटी ७, कॅल्साइट ३ आणि काच साडेपाचच्या आसपास. गारगोटी काच ओरखडेल, कॅल्साइट नाही. तो तिसरा दगड कुठला? आणि तुटलेल्या बाजू कशा आहेत?

धरमपेठची_आई
तिसरा शेजारच्या बांधकामावरच्या गिट्टीत काळ्या दगडाला चिकटलेला होता. तिने खिळ्याने सोडवला. बाजू सपाट, तिरक्या खोक्यासारख्या.

ओरखडा आत्ता करून पाहिला. पहिल्या दोघांनी काचेवर पांढरी रेघ ओढली, बोट फिरवलं की नखाला लागते. तिसऱ्याची रेघ दिसली, पण ओल्या फडक्याने पुसली तर निघून गेली, काच जशीच्या तशी. मग खरवडून व्हिनेगरचे दोन थेंब टाकले. आजोबांच्या भिंगातून बुडबुडे तिने मला दाखवले.

खाणीत_३२_वर्षे
कॅल्साइट. बेसाल्टच्या पोकळीतला. तिला सांगा, तिचं बरोबर होतं. आणि चिठ्ठीवर नावाच्या आधी जागा आणि तारीख लिहायला लावा, नाव नंतर बदलता येतं.

बुटीबोरीवाला
ताई, काटा एक ग्रॅमचा घेतला की त्याहून बारीक? माझ्या मुलालाही पाहिजे. आमच्याकडची मळी मोजायची म्हणतो आहे.