कोरस म्हणजे पालुपद का?

पेटीवाली, मिरज
आमच्या चर्चच्या मंडळीच्या वार्षिक दिनासाठी गीतांची पुस्तिका टाइप करतेय. तीन भाग केले होते: भजनं, गीतं, कोरस. मुद्रितं तपासायला सांगलीच्या ओळखीच्या एका सरांकडे दिली, तर त्यांनी 'कोरस'वर काट मारून 'पालुपदे' लिहिलं. समासात शेरा: 'मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला?' माझ्या नजरेतून ते सुटलं, झेरॉक्स तरुण संघाच्या हातात पडल्या आणि भडका. 'म्हणजे आमची गाणी पालुपद काय?' आमच्यात कोरस म्हणजे दोन-चार ओळींचं आख्खं गाणं. गिटार, टाळ्या, तेच पाच-सहा वेळा. याला मराठीत काय म्हणायचं? शनिवारी छपाईला जायचंय.

शुद्धलेखन
सरांचं बरोबर आहे. कोरस म्हणजे गाण्यातला परत परत येणारा भाग. आख्ख्या गाण्याला कोरस म्हणणं हीच मुळात चूक. पालुपद किंवा ध्रुवपद लिहा. आणि कृपया 'धृ' नको, 'ध्रु'. ध्रुव म्हणजे अढळ.

विश्रामबाग
चूक कशी? ग्रीकांकडे तो शब्द नाचत गाणाऱ्या घोळक्याचा होता. आपल्या नाटकात कोरस म्हणजे मागं उभं राहून गाणारे. गाण्यातला भाग हे त्याचं तिसरं घर. मिरजेत चौथं बांधलं तर तुमचं काय गेलं?

शुद्धलेखन
मग भाड्यानं कशाला राहायचं, आपलं घर असताना?

वाईची मावशी
मला तर पालुपदच पटलं. माझ्या लहानपणी देवळात (आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो) वडील पेटीवर, शेजारी तबला, बायकांकडे झांजा. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पाठ असायची, पुस्तक नुसतं धरायला. आता समोर पडदा, ड्रमचा दणका, आणि सगळं उभ्यानं. चौथ्यांदा तीच ओळ आली की माझे गुडघे बोलायला लागतात.

पेटीवाली, मिरज
मावशी, स्तोत्र 136 काढा. 26 वचनं आणि 'त्याची दया सनातन आहे' 26 वेळा. तिथं गुडघे बोलत नाहीत?

वाईची मावशी
पोरी, ते बसून वाचते मी. आणि नीट बघ, तिथं दर वचनाला काहीतरी होतंय. सूर्य येतो, चंद्र येतो, तांबडा समुद्र दुभंगतो, फारो बुडतो, ओग राजाचा निकाल लागतो. पालुपद तेच, पण गोष्ट पुढं सरकते. तुमच्या कोरसात काय सरकतं?

कृष्णाकाठ
आम्ही माळकरी, मधे बोलतोय म्हणून राग नको. दिंडीत 'जय जय रामकृष्ण हरी' किती वेळा होतं ते कुणी मोजत न्हाई. गोष्ट सरकत न्हाई, पाय सरकत्यात. आणि पालुपद म्हणजे शिवी नव्हे. आमचे आजोबा सांगायचे, कीर्तनकार हात पालवून मागच्यांना खुणावतो, 'आता तुम्ही घ्या', म्हणून ते पालुपद.

शुद्धलेखन
या व्युत्पत्तीला आधार?

कृष्णाकाठ
आजोबा.

विश्रामबाग
व्युत्पत्ती काही असो, आज 'तेच पालुपद लावू नकोस' असंच बोलतात. अर्थ कुजलाय त्याचा. मावशींनाही तो कुजलेलाच अर्थ हवाय, त्यांनी कबूल करावं. त्यापेक्षा 'झील' घ्या. पोवाड्यात झीलकरी मागनं धरतात ती.

वाईची मावशी
कबूल आहे. पण देवळात झील? अहो, तमाशातला शब्द तो!

विश्रामबाग
टिळकांनी अभंग कुठनं आणला मग? 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तुकोबा काही सोडले नाहीत.

वाईची मावशी
आणि पंडिता रमाबाईंनी बायबलचं भाषांतर करताना हिंदू पूजेचा वास येणारे शब्द वेचून बाहेर काढले. त्याही आमच्याच. मला दोघं प्रिय आहेत, पण गायला टिळकच लागतात. रमाबाईंचं ते वाचायचं मराठी.

शुद्धलेखन
'आराधना' का चालत नाही?

पेटीवाली, मिरज
कारण नव्या फेलोशिपवाल्यांत ती आधीच वेगळी झालीय. त्यांच्यात अर्धा-पाऊण तास नुसतं गाणं म्हणजे आराधना. आमच्यात रविवारची सगळी भक्ती म्हणजे उपासना, त्यात प्रवचनही आलं नि दानही. 'आराधना' लिहिलं तर पाळकसाहेब विचारतील, बाकीची पानं कशाची? माझं विचाराल तर मला दोन्ही आवडतात. पण पेटीवर कोरस धरला की भाता मारून मारून हात भरून येतो. कडवं असलं की पोरं पुढची ओळ आठवेपर्यंत जरा उसंत मिळते.

विश्रामबाग
1843 साली आमच्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हा सूत्रधार पद म्हणायचा आणि मागचे उचलून धरायचे. त्या मागच्यांना काय म्हणत, हे कळलं तर प्रश्नच मिटेल.

शुद्धलेखन
प्रश्न त्यांचा नव्हता, गाण्याचा होता.

पेटीवाली, मिरज
सध्या 'लहान गीते' टाकलंय. तरुण संघाला आता 'लहान' झोंबलंय.

कृष्णाकाठ
ताई, भात्यावरनं आठवलं. आमच्या भजनी मंडळाची पेटी वारा सोडतीय. सतारमेकर गल्लीत पेटीचं काम कोण घेतं का, का फक्त तंबोरेच?

वाईची मावशी
कातडं फाटलंय का घडीत भेग गेलीय, ते आधी बघा. आमच्या वडिलांच्या पेटीला…

शुद्धलेखन
हा शब्दचर्चेचा धागा आहे.

वाईची मावशी
बरं. भात्याच्या घडीला काय शब्द आहे, सांगा.