नर्मदा परिक्रमा एकट्यानेच करावी, ग्रुपने नको: माझं मत, तुमचं काय?

रेवातीर
कार्तिकी एकादशी जवळ आली की ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात, पायी परिक्रमेला निघायचंय, कुणाची सोबत मिळेल का, एखादा चांगला ग्रुप माहितीये का. मी परिक्रमा केलीये म्हणून मला विचारतात आणि मी प्रत्येकाला हेच सांगतो की एकटे जा. त्यावर दरवेळी वाद होतो म्हणून आज सविस्तर लिहितोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भरूचच्या पुढे समुद्राला मिळते, 1312 किलोमीटर. मैया उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठ चालायचे, तिचं पात्र मध्ये कुठेही ओलांडायचं नाही, वळसे धरून तीन हजार किलोमीटरच्या आसपास जातं. बरेच जण ओंकारेश्वरला परिक्रमा उचलतात म्हणजे तिथून सुरू करतात, आणि ओंकारेश्वर बेटावर आहे म्हणून परिक्रमा पूर्ण होईपर्यंत तिथलं दर्शनही घेता येत नाही.

आता मुद्दा. लोकांना वाटतं एकटं जायचं म्हणजे कुणाच्या आधाराशिवाय करून दाखवायचं. अहो, एकट्यालाच तर पावलोपावली आधार मागावा लागतो! संध्याकाळी आश्रमाच्या दारात जाऊन नर्मदे हर म्हटलं की आतून आवाज येतो, कितनी मूरत? म्हणजे किती माणसं. एक, असं सांगितलं की बाबाजी स्वतः बाहेर येतात, आसन लावायला कोपरा दाखवतात, परातीत कणीक, वाटीभर डाळ, मीठ, दोन मिरच्या असं सदाव्रत देतात, आणि तुमचं टिक्कड, म्हणजे जाड रोटी, करपायला लागलं की शेजारी बसून उलटवून देतात. त्या अर्ध्या तासात तो माणूस तुम्हाला कळतो. हेच चाळीस मूर्ती आणि मागून सामानाचा टेम्पो असा ग्रुप आला की त्या बाबाजीला आधी पिठाचा डबा बघावा लागतो. आणि ग्रुपमधली माणसं आपसातच बोलत राहतात, उद्याचा मुक्काम कुठे, कुणाचा गुडघा धरलाय, चहा कुणी दिला ते विचारायलाही वेळ नसतो. आपली सोसायटी सोबत घेऊन नर्मदेला कशाला जायचं? माझं तर मत आहे की ज्याला परक्याच्या दारात हात पसरता येत नाही त्याची परिक्रमा अर्धीच होते.

डॉक्टरीणबाई
सपशेल असहमत, आणि कळकळीने सांगते. परिक्रमेला निघतं कोण, तर बहुतेक रिटायर झालेली मंडळी, आणि त्यातल्या कितीतरी जणांना शुगर असते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू, रोज पंचवीस किलोमीटर चाल, वर एकादशीचा उपास. साखर उतरली की आधी घाम फुटतो, हात थरथरतात, मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो, उगाच चिडतो, रस्ता सोडून भलतीकडेच चालायला लागतो. आपल्याला काहीतरी होतंय हे त्याला स्वतःला कळेलच असं नाही, बाजूच्याला मात्र पटकन कळतं आणि तो खिशातला गूळ तोंडात घालतो. बाजूला कुणी नसेल तर? दुसरं म्हणजे जुन्या मधुमेहात पाय बधिर होतात, फोड फुटून चिघळला तरी दुखत नाही, मोजा लाल झालेला दुसऱ्याने दाखवावा लागतो. आणि फोडातून सुईदोरा ओवून ठेवायची जी पद्धत सगळीकडे सांगतात ती कृपा करून करू नका, तो दोरा जंतूंना आत न्यायची वाट आहे.

माळकरी
रेवातीर, तुम्ही ग्रुप म्हटलं की फक्त टेम्पोच बघताय. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर, आमच्या घराण्यात पिढ्यांची वारी आहे, आणि दिंडी म्हणजे घोळका नव्हे. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाला समाजआरतीच्या आधी चोपदार चोप उंचावतो, हजारो टाळ एका क्षणात थांबतात, आणि ज्या दिंडीची तक्रार असेल ती दिंडी तेवढी टाळ वाजवत राहते. सगळा तळ गप्प उभा आणि त्या एका दिंडीचं काय म्हणणं आहे ते ऐकलं जातं, मग हरवलं-सापडलं सांगतात, मग आरती. एवढ्या गर्दीत एकेकाची दखल घ्यायची ही रीत ज्यांनी बसवली त्यांना माणूस एकटा पडला की काय होतं हे चांगलं ठाऊक होतं. ‘मी’ गळायचा असेल तर दुसऱ्याच्या पावलाला पाऊल लावूनच गळतो, एकटा चालणारा दिवसभर स्वतःचाच विचार करत चालतो.

धडगावकर
मी शूलपाणीच्या झाडीतला, म्हणजे नर्मदाकाठच्या जंगलातला, नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यातला, त्यामुळे आमच्या बाजूचं सांगतो. पूर्वी इथे परिक्रमावासीयांना लुटायचे, अंगावर लंगोटी सोडून काही ठेवायचे नाहीत, हे खरं आहे. आज तेच मामा लोक, म्हणजे इथले भिल्ल, चहा पाजतात, जेवायला बसवतात, त्यामुळे माणसांची भीती मनातून काढा. भीती वाटेची आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्राची 33 गावं आली, मणिबेलीचं शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर बुडालं, नवीन खाली गुजरातेत गोऱ्याला बांधलं. काठाची जुनी वाट पाण्याखाली आहे, आता डोंगर चढून उतरून जावं लागतं, पायवाटा फुटतात, लांब लांब मोबाईलला रेंज नाही. एकटा माणूस चुकला की आमचीच पोरं रात्री बॅटरी घेऊन शोधायला निघतात आणि सकाळी पुन्हा मजुरीला जातात. तुमचं हात पसरणं ठीक आहे दादा, पण त्याचा भार कुणावर पडतो ते पण लिहा.

मैयाची लेक
मी बाई आहे आणि एकटी निघाले होते म्हणून लिहिते. रेवातीर, ‘एक मूरत’ म्हटल्यावर बाबाजी बाहेर येतात हा पुरुषाचा अनुभव झाला. मला पहिला प्रश्न यायचा, माताराम, अकेली? आणि हो म्हटलं की कुठे एखादी आजी हाताला धरून स्वतःच्या खोलीत झोपायला न्यायची, तर कुठे सरळ सांगायचे की पुढचा आश्रम बघा, तेही सूर्य मावळायला आलेला असताना. त्यानंतर मी ठरवलं की दिवसा एकटी चालायचं आणि रात्री जिथे आणखी मातारामा असतील तिथेच आसन लावायचं, त्यासाठी दुपारीच पुढच्या गावात फोन करून विचारायचं. डॉक्टर म्हणतात तेवढी घाबरायची गरज नाही असं मला वाटतं, पण माळकरीदादांचं मात्र अजिबात पटलं नाही. वर्षानुवर्षं घरातल्या सगळ्यांच्या पावलाला पाऊल लावूनच चाललोय आम्ही बायका! मनाला येईल तिथे घाटावर बसून राहायचं आणि आपल्याला उठवायला कुणी नाही, हे मला पहिल्यांदा नर्मदेकाठी मिळालं आणि ते मी कुठल्याच ग्रुपला द्यायला तयार नाही.

माळकरी
ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरी वारीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या बायकांना विचारून बघा, त्याही घर मागे ठेवूनच आलेल्या असतात आणि एकमेकींच्या संगतीतच मोकळ्या होतात.

रेवातीर
धडगावकर, तुमच्या भागात गावातून गावापर्यंत माणूस सोबत घ्यावा हे मला शंभर टक्के मान्य आहे, आणि त्याला फुकट राबवू नये, दिवसाची मजुरी हातात ठेवावी. सोबत स्थानिकाची असावी, घरून आणलेली नको, माझा आग्रह तेवढाच आहे. नर्मदा समुद्राला मिळते तिथे विमलेश्वरच्या बाजूहून पलीकडच्या काठावर मीठीतलाईला जाताना तर एकटं जाताच येत नाही, भरती बघून नाव सुटते आणि पुरेशी माणसं जमेपर्यंत सगळे थांबतात, त्या नावेत शेजारी कोण बसेल ते आपल्या हातात नसतं आणि ते तसंच असावं. डॉक्टर, इन्सुलिनवर असलेल्याने एकटं जाऊ नये, ठीक. बाकीच्यांनी रोज संध्याकाळी मोबाईलच्या कॅमेऱ्याने तळपाय बघावेत, खिशात साखर ठेवावी आणि निघावं.

उंबरठा
इतका वेळ वाचत होते. माझे मिस्टर गेल्या हिवाळ्यात एकटे गेले होते. मंडल्याच्या पुढे जंगलाचा भाग लागला आणि त्यांचा फोन लागेना, मागच्या आश्रमात विचारलं तर म्हणाले सकाळीच गेले, पुढच्या आश्रमाचा नंबर कुणाकडे नाही. चौथ्या रात्री फोन आला, आवाज इतका प्रसन्न की मला रागावताही येईना. मैयाने सांभाळलं असं ते म्हणतात आणि माझीही श्रद्धा आहेच, पण ते चार दिवस इथे मी आणि सासूबाईंनी कसे काढले ते आम्हालाच माहीत. रेवातीर, परक्याच्या दारात हात पसरायला शिकायचं म्हणता ना, मग जिथून निघता तिथल्या दाराचं काय? रोज मुक्कामाच्या आश्रमाचं नाव आणि तिथल्या एका माणसाचा नंबर घरी कळवल्याशिवाय पुढचं गाव धरायचं नाही, एवढा नियम तुमच्या ‘एकटे जा’मध्ये घालणार का? हो की नाही, तेवढं सांगा.