जुने एसी पाईप: उकरून काढायचे की जागेवरच बंद करायचे?

सातपूरकर (धागाकर्ता)

आमची बंगल्यांची सोसायटी १९८०च्या आसपासची. मीटरपासून भूमिगत टाकीपर्यंत आणि पुढे कॉलनीभर ८० मिलिमीटरचे एसी पाईप आहेत, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे. शिवाय जवळजवळ प्रत्येक बंगल्याच्या भिंतीवर गच्चीचं पाणी उतरवणारे तसलेच करडे पाईप. उन्हाळ्यात लाईन दोनदा फुटली आणि सभेत ठराव आला की सगळं उकरून फेकायचं आणि पावसाळ्याच्या आत प्लास्टिक टाकायचं.

लाईन बदलायला माझा पाठिंबा आहे. उकरण्याला ठाम विरोध आहे. नवी लाईन शेजारच्या चरातून न्यावी, जुनी दोन्ही टोकांना बंद करून जमिनीतच ठेवावी.

अ‍ॅस्बेस्टॉसमुळे जे आजार होतात, फुप्फुसाचा कर्करोग, मेसोथेलिओमा (फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग), अ‍ॅस्बेस्टॉसिस (फुप्फुसावर व्रण पडणं), ते धुळीतले तंतू श्वासावाटे आत गेल्याने होतात, आणि बहुधा २०-४० वर्षांनी वर येतात. पाण्यातून पोटात जाणाऱ्या तंतूंबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने उपलब्ध अभ्यास तपासले. अपाय होतो असा सुसंगत पुरावा न मिळाल्याने पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ठरवलेली नाही. नवे एसी पाईप टाकू नयेत, जुने खराब होतील तसे बदलत जावे, असा तिचा सल्ला आहे. म्हणजे नळाखाली पेला धरणाऱ्यापेक्षा जास्त जोखीम आहे ती खड्ड्यात उतरून त्या पाईपवर ग्राइंडर चालवणाऱ्या पोराला. दुसऱ्यांदा लाईन फुटली तेव्हा मी उभा होतो. रुमाल तोंडाला बांधून त्याने कोरडाच पाईप कापला. खड्ड्यातून पांढुरका धुरळा वर आला आणि शेजारच्या अंगणातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर बसला. हेच आता कॉलनीभर करायचं का?

तुळशीवृंदावन

काका, त्या पोराची काळजी तुम्ही केलीत हे फार बरं केलंत. पण "पुरावा मिळाला नाही" याचा अर्थ "सुरक्षित आहे" असा मी तरी घेणार नाही. कर्करोगावर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसचे सगळे प्रकार माणसाला कर्करोगकारक ठरवले आहेत, पांढरासुद्धा. युरोपीय संघात २००५पासून त्यावर बंदी आहे. आपल्याकडे खाणींना परवानगी नाही, पण आयात चालूच. मग माझ्या मुलांनी तेच पाणी का प्यावं?

आणि जमिनीत ठेवायचं म्हणजे उद्याच्या माणसाच्या गळ्यात घालायचं. पाच वर्षांनी इंटरनेटची केबल टाकायला जेसीबी येईल. त्या चालकाला कोण सांगणार की खाली काय आहे? तुम्ही आज एका पोराला वाचवताय आणि दुसऱ्याला अंधारात ठेवताय.

निवृत्त उपअभियंता

पाणीपुरवठ्यात उभी नोकरी गेली, म्हणून लिहितो. दोघांनीही प्लास्टिक निर्धोक आहे असं गृहीत धरलंय. प्लास्टिक वाईट नाही, पण आज बाजारात जे खपतं आणि ज्या पद्धतीने बसवतात ते बघून मला चिंता वाटते.

पांढरा यूपीव्हीसी पाईप फक्त गार पाण्याचा. ४५ अंशांपुढे तो नेऊ नये. तरी गीझरच्या मागे पांढरा पाईप लावलेली घरं मी पाहिली आहेत; वर्षा-दोन वर्षांत तो लोंबतो आणि जॉइंटमधून ठिबकतो. गरम पाण्याला फिकट पिवळसर सीपीव्हीसी, आणि गीझरला लागून पहिला तुकडा धातूचा. सीपीव्हीसी तापल्यावर लांबतो: दहा मीटर सरळ लाईन ४० अंशांनी तापली तर साधारण अडीच सेंटिमीटर. भिंतीत दोन्हीकडून घट्ट चुन्या-सिमेंटात गाडला तर ती लांबी एल्बोवर येते. गच्चीवर उन्हात उघडा ठेवलेला पाईप ठिसूळ होतो, त्याला रंग किंवा आच्छादन हवंच.

शिशाचा मुद्दाही आहे. पीव्हीसी टिकाऊ करायला पूर्वी सर्रास शिशाची संयुगं घालत. २०२१ साली केंद्राने त्यावर नियम काढले. म्हणून सुटा, बिनशिक्क्याचा पाईप स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका. अंगावर आयएस, म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक बघा: यूपीव्हीसीला ४९८५, सीपीव्हीसीला १५७७८. सांडपाण्याचा आणि पावसाच्या पाण्याचा पाईप वेगळा, १३५९२. तो पिण्याच्या लाईनला वापरायचा नाही.

आणि एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नाही. जुन्या बंगल्यांत विजेचं अर्थिंग बऱ्याचदा जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या नळाला बांधलेलं असतं. घरातला जीआय काढून प्लास्टिक लावलं की अर्थिंग तुटतं आणि कुणाला पत्ता लागत नाही, गीझरच्या नळाला हात लावून झटका बसेपर्यंत. प्लंबरच्या आधी वायरमन बोलवा.

माझं मत विचाराल तर कॉलनीची लाईन एचडीपीई या लवचीक प्लास्टिकची करा, घरात सीपीव्हीसी. पण घाईत पावसाळ्याआधी नको. घाईत सॉल्व्हेंटने चिकटवलेला जॉइंट सुकण्याआधी पाणी सोडलं की पुढची दहा वर्षं ओल शोधत बसायचं.

कळवणचा प्लंबर

ग्राइंडरचं सातपूरकर काकांनी लिहिलं ते खरं आहे. आमच्यातल्या निम्म्यांना तो पाईप कसला आहे हेच माहीत नसतं. "सिमेंटचा पाईप" एवढंच म्हणतात.

पण बऱ्याचदा कापावंच लागत नाही. जमिनीतला एसी पाईप बहुतेक ठिकाणी सीआयच्या, म्हणजे बिडाच्या सुट्या जॉइंटने जोडलेला असतो. मधे एक कॉलर, दोन्ही बाजूंना फ्लँज, आत दोन रबरी रिंगा, आणि आरपार बोल्ट. बोल्ट सोडले, फ्लँज मागे सरकवले की अख्खा पाईप मोकळा होतो. बोल्ट गंजलेले असतील, ते कापा, पाईपला हात लावू नका. फुटलेला तुकडा काढायचाच असेल तर आधी पाणी मारून चिंब भिजवायचा, हातकरवतीने सावकाश कापायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून वर घ्यायचा. साधा रुमाल कामाचा नाही, बारीक धुळीचा मास्क पाहिजे. घरी जाताना तेच कपडे घालून मुलाला उचलायचं नाही.

मला जमिनीत ठेवणंच पटतं. मात्र लाईन चालू असताना कनेक्शन देण्यासाठी पाईपला भोक पाडतात ना, फेरूलचं (घराची नळी जोडायच्या तोटीचं), तेव्हाही धूळ होते. ते कुणी मोजत नाही. नवी लाईन झाली की ते कायमचं थांबेल.

न्यू जर्सीकर

इथल्या, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा ठेवलेली आहे: लिटरमागे ७० लाख तंतू, १० मायक्रॉनपेक्षा लांब असलेले. म्हणजे "पाण्यातून काहीच नाही" असं सगळेच मानत नाहीत. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावात १९८५ साली एसी पाईप आतून इतके झिजले की तंतूंचे पुंजके नळाच्या जाळ्यांत अडकायला लागले. पाणी सिमेंट खाणारं होतं.

प्लास्टिकवाल्यांसाठीही एक. कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइजमध्ये २०१८च्या वणव्यानंतर पाण्यात बेन्झिन सापडलं, आणि त्यामागे जळालेले, तापलेले प्लास्टिकचे पाईप हेही एक कारण मानलं गेलं. रोजच्या वापरात तो प्रश्न नाही, पण लाईन उघड्यावरून नेऊ नका.

जांभा

वुडस्टॉकची गोष्ट आमच्या कोकणाला लागू पडते. जांभ्यातलं पाणी हलकं आणि किंचित आंबट. ते सिमेंटमधला चुना ओढून घेतं. पाईप बाहेरून धडधाकट दिसतो, आतून नखाने उकरला तर लगदा निघतो. देशावर विहिरी-बोअरचं पाणी जड, पाईपला आतून पापुद्रा धरतो, त्यामुळे तंतू सुटायचं प्रमाण कमी. तेव्हा आधी पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आंबटपणा) आणि जडपणा तपासून घ्या. तपासणी स्वस्त असते.

सातपूरकर

जांभा, हे सभेत मांडतो. आमच्याकडे धरणाचं पाणी येतं, ते बोअरएवढं जड नाही, म्हणून तपासणी करूनच घेतो.

तुळशीवृंदावनताई, जेसीबीचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. बंद केलेल्या लाईनचा नकाशा भिंतीपासूनच्या मोजमापांसह सोसायटीच्या दप्तरात ठेवायचा, एक प्रत महापालिकेच्या पाणी विभागाला द्यायची, आणि पाईपच्या वीतभर वर मातीत इशाऱ्याची पट्टी पुरायची. खोदणाऱ्याला आधी पट्टी लागते. पण "मुलांनी तेच पाणी का प्यावं" याला माझा प्रतिसाद असा, की नवी लाईन टाकली की ते पीत नाहीतच. उकरल्याने त्यांच्या पाण्यात काही फरक पडत नाही. अंगणातल्या हवेत पडतो.

आणि उकरून काढलेलं टाकणार कुठे? अ‍ॅस्बेस्टॉसचा कचरा घातक कचऱ्याच्या यादीत आहे. तो नेहमीच्या राडारोड्यात देता येत नाही. ठेकेदार रात्री नाल्याकाठी ओतून मोकळा होईल, हे आपण सगळे जाणतो.

तुळशीवृंदावन

नकाशा आणि पट्टी दोन्ही लेखी ठरावात येणार असतील, तर जमिनीतल्या लाईनबद्दल माझा आग्रह सोडते. भिंतीवरच्या पाईपांबद्दल सोडणार नाही. ते उन्हापावसात पापुद्रे सोडताहेत, मुलांचा चेंडू लागून कडा फुटतात, आणि ते तुकडे आमची बाई केरसुणीने लोटते. कोरडे. तिला रोज हे हुंगायला लावणं मला मान्य नाही. जमिनीतलं झाकलेलं आहे, हे उघडं आहे. पैसे कमी पडत असतील तर आधी भिंतीवरचं काढा, लाईन पुढच्या वर्षी करा. कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाला आत्ताच पत्र द्या, काम सुरू झाल्यावर नाही.

निवृत्त उपअभियंता

हा क्रम बरोबर आहे. फुटलेली लाईन मात्र वर्षभर थांबणार नाही. जिथे फुटली तेवढा टप्पा आताच बदला. बाकी भिंती आधी.

कळवणचा प्लंबर

ताई, भिंतीवरचे पाईप क्लॅम्प सोडून अख्खे उतरतात. दोन माणसं आणि दोर लागतो, वरून खाली टाकायचे नाहीत. अवघड असतो तो गच्चीच्या स्लॅबमध्ये गाडलेला तुकडा. तिथे फोडाफोडी न करता आतून लहान व्यासाचा नवा पाईप ओवता येतो. फक्त पाणी उतरायला तेवढी जागा पुरते का ते गच्चीच्या आकारावरून बघावं लागेल. उतरवलेले पाईप पुसायचे ते ओल्या फडक्याने, आणि फडकंही त्याच पिशवीत बांधायचं.

आणि काका, कोटेशन घेताना त्यात एक ओळ लिहून घ्या: एसी पाईपवर ग्राइंडर चालवला तर त्या दिवसाची मजुरी मिळणार नाही. तोंडी सांगून कुणी ऐकत नाही, आमच्यातलेसुद्धा.